धोंडे असलेल्या मुरमात एमएस केसिंग: ऑगर बरं की रॅमिंग?

रस्ता न फोडता खालून एमएस केसिंग, म्हणजे आतल्या लाईनसाठी बाहेरचा लोखंडी पाईप, टाकायचंय आणि ऑगरवाला आणि रॅमिंगवाला अशी दोन कोटेशनं हातात आहेत, अशा माणसासाठी हे लिहितोय. ऑगर म्हणजे स्क्रूसारखी पाती फिरवून माल मागं काढत पाईप पुढं ढकलणारं मशीन, आणि रॅमिंग म्हणजे हॅमरनं मागून ठोकत पाईप आत नेणं. मी सोलापूरच्या आसपास दोन्हींनी कामं करून घेतलीत आणि बोलतोय ते आपल्याकडच्या जमिनीपुरतंच, नदीकाठच्या वाळूत गणित वेगळं असू शकतं.

एचडीडीचा, म्हणजे वाकत जाणारं भोक ड्रिल करून त्यातून पाईप ओढून घ्यायच्या पद्धतीचा, विचार मी लगेच सोडला. स्टील पाईप पीई म्हणजे प्लास्टिकच्या पाईपसारखा वळत नाही, ढोबळ नियम व्यासाच्या १२०० पट त्रिज्येचा, म्हणजे ३०० एमएमच्या पाईपला ३६० मीटर, तेवढी जागा हायवेच्या कडेला कुठून आणायची?

वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, हे सगळेच सांगतात, पण खरा त्रास मधल्या पट्ट्यात आहे. आपला बेसाल्ट भेगांच्या कडेनं कुजत जातो, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आतला गाभा टणक गोल धोंडा होऊन तसाच राहतो. मशीन उतरवायचा पिट खोदताना पोकलेनला मुरूम एकदम मऊ लागतो आणि धोंडा भेटतो तो रस्त्याच्या बरोबर मधोमध.

ऑगरवरून माझं मन उडालं ते इथंच. ऑगरच्या पात्यांतून साधारण केसिंगच्या एक तृतीयांश एवढाच दगड मागं येतो, ९०० एमएमला ३०० एमएम धरा. त्याहून मोठा आला की कटर हेड नुसतं घासत बसतं, धोंडा मुरमात सैल झालेला असतो त्यामुळं फुटत नाही, हेडबरोबर तोही फिरतो आणि फिरता फिरता वरचा मुरूम ढासळवतो. मग मशीन मागं घ्या, ऑगरचा एकेक तुकडा पिना काढून क्रेननं वर घ्या, आत माणूस पाठवून धोंडा फोडा, परत सगळं जोडा, क्रेनचं भाडं चालूच, आणि जरा पुढं गेलं की दुसरा धोंडा. त्या पाईपात माणूस पाठवायचा म्हटलं की माझा जीव खालीवर होतो, हवा कमी, जागा कमी, आणि ६०० एमएममध्ये तर पाठवूच नये. शिवाय केसिंगच्या वर जी पोकळी राहते ती पावसाळ्यात रस्ता खचवून दाखवते.

रॅमिंगमध्ये पाईपचं तोंड उघडं, हॅमर मागून ठोकतो, तोंडात मावेल तो धोंडा माती-मुरमासकट आत येतो आणि आतच राहतो, माल शेवटी काढायचा. आत माल भरलेला असल्यामुळं वरचा रस्ता जागेवर राहतो हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मशीनला रेटा घ्यायला मागं थ्रस्ट वॉल बांधायची पण गरज नाही. माझ्या अनुभवात तरी काम न थांबता पुढं सरकलं.

आता त्याचेही त्रास आहेत. आवाज आणि हादरा भरपूर, वस्तीजवळ रात्री चालवूच नका. पाईप जाड घ्यावा लागतो आणि जॉइंट पूर्ण वेल्डचा लागतो, अर्धवट जॉइंट हॅमरखाली उघडतो. वेल्डिंगला जास्त वेळ थांबलात तर काळी माती पाईपला धरून बसते, म्हणून चांगला वेल्डर आधीच उभा ठेवा आणि बाहेरून बेंटोनाइट, म्हणजे घसरट मातीचा घोळ, सोडायची सोय करा. दिशा एकदा गेली की वळवता येत नाही, त्यामुळं उताराची ड्रेनेज लाईन असेल तर ऑगरचा विचार जरूर करा, किंवा केसिंग एक साईझ मोठं घेऊन आतल्या पाईपची लेव्हल स्पेसरनं, म्हणजे मधल्या टेकूंनी, जुळवा. पाण्याच्या प्रेशर लाईनला थोडा फरक पडला तरी चालतो.

आणि सलग काळा पाषाण लागला तर रॅमिंगचा विषयच संपला, तिथं रॉक हेडवाला ऑगर किंवा दुसरी पद्धत बघावी लागेल.

म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेसीबीनं केसिंगच्या खोलीपर्यंत खड्डे घेऊन बघा. मुरमात गोल धोंडे दिसले तर मी तरी रॅमिंगवाल्यालाच फोन करीन. आणि पाईप मध्येच अडकला तर क्रेनचा आणि थांबल्याचा खर्च कुणाचा, हे ज्याला काम द्याल त्याच्याकडून आधी लिहून घ्या.