पंचवटीतला वाडा, दोन तारा आणि संध्याकाळचा सत्यनारायण

मी कॉम्प्युटरवाला नाही. नाशिकच्या पंचवटीत पौरोहित्य करतो. २०२० मध्ये देवळं बंद झाली, घाट ओस पडला आणि पुण्या-मुंबईचे यजमान "गुरुजी, फोनवरून पूजा सांगता का?" असं विचारू लागले. त्यांच्या मागोमाग न्यू जर्सीचे आले. तेव्हापासून इंटरनेट म्हणजे माझ्याकडे समईतलं तेल झालंय. पूजेच्या मध्यात संपून चालत नाही.

फायबर का घेत नाही, हे सगळेच विचारतात. आमचा वाडा जुना आहे, मालक आणि भाडेकरूंचा दावा कोर्टात आहे आणि नव्या वायरसाठी भिंतीत खिळा ठोकायचीसुद्धा सोय नाही. भिंती हातभर जाड, त्यामुळे मोबाइलची रेंज ओसरीवर येते आणि माजघराच्या उंबऱ्याशी थांबते. राहिल्या घरात आधीच शिरलेल्या दोन तारा. एक वडिलांनी घेतलेल्या टेलिफोनची, दुसरी टीव्हीच्या केबलची. दोन्हींवर इंटरनेट मिळतं आणि गेली दोन वर्षं मी दोन्ही वापरतोय. कंपन्यांची नावं सांगत नाही, दोघांच्याही माणसांशी अजून रोजचा संबंध आहे.

आधी टेलिफोनचं, म्हणजे डीएसएल. घरोघरी जो प्रकार असतो त्याला एडीएसएल म्हणतात. त्यातला पहिला 'ए' असमानपणाचा: खाली येणारा वेग जास्त, वर जाणारा कमी. कागदावर त्याचा सुधारलेला प्रकार, एडीएसएल २ प्लस, २४ एमबीपीएसपर्यंत (नेटच्या वेगाचं माप) जातं. माझ्याकडे आलं ५. लाइनमनने मोडेमच्या पानावर आकडा दाखवला, अॅटेन्युएशन, म्हणजे वाटेत होणारी सिग्नलची घट, ४१ डेसिबल. म्हणाला, "गुरुजी, एक्स्चेंजपासून तुमच्यापर्यंत तीन किलोमीटर तार आहे." मी म्हटलं, चालत गेलो तर पाव तास लागतो. तो म्हणाला, "तुम्ही बोळातून जाता, तार पिलरपिलर करत, म्हणजे रस्त्यावरच्या जोडपेट्यांमधून, येते." जितकी तार लांब तितका सिग्नल विरत जातो, इतकं मला तेव्हा कळलं.

मग त्याने देवघराकडे बोट दाखवलं. तिथे आजोबांच्या खोलीसाठी काढलेलं पॅरलल कनेक्शन होतं. फोन केव्हाच मोडीत गेला होता, वायर मात्र भिंतीवर तशीच. टोक उघडं, त्यावर हिरवा गंज आणि शेजारी कुंकवाचे डाग. अशा लोंबत्या फाट्यात सिग्नल शिरतो, टोकाला आपटतो आणि परत येऊन घोळ घालतो. त्याने तो फाटा मुळातून काढला, फोन आणि मोडेमच्या मध्ये नवा स्प्लिटर (बोलणं आणि नेट वेगळं करणारी डबी) बसवला आणि वेग ५ वरून ८ च्या आसपास गेला. चहाशिवाय काही घेतलं नाही. तुमच्याकडे डीएसएल असेल तर तक्रार नोंदवायच्या आधी घरातले जुने पॅरलल शोधा. फोनची रिंग वाजली की नेट तुटतं, ही त्याची खूण.

वर जाणारा वेग मिळतो ०.८. हसू नका. समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलला साधारण ०.६ पुरतो. मी स्थिर बसलेलो, मागे चौरंग, हलतो तो फक्त हात आणि पळी. एवढ्याला ०.८ भागतं, आणि सकाळी सहाला जेवढा मिळतो तेवढाच रात्री नऊला मिळतो, कारण तारांची ती जोडी एक्स्चेंजपर्यंत माझ्या एकट्याची आहे. घोटाळा झाला तो घरातूनच. एका पूजेला यजमान आचमनाला बसले. मी "केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः" म्हणत "गोविंदाय नमः"ला पाणी सोडलं, तर पडद्यावर यजमान अजून केशवालाच पाणी पिताहेत! त्याच वेळी सौभाग्यवतींचा फोन भाचीच्या लग्नाचे फोटो कुठल्याशा ढगात चढवत होता. वर जायची वाटच एवढी अरुंद की फोटो पुढे आणि मी मागे. आता पूजेआधी घरातल्या सगळ्यांच्या फोनचं वायफाय बंद, हा आमचा पहिला विधी.

डीएसएलचा खरा शत्रू पाऊस. आमचा पिलर घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. नाशिककर पूर मोजतात दुतोंड्या मारुतीवरून. पाणी मारुतीच्या गुडघ्याशी आलं की आमच्या फोनवर खरखर, कमरेला लागलं की मोडेमचा डीएसएलचा दिवा लुकलुकू लागतो. जोडांत पाणी शिरतं, दोन तारांमध्ये गळती होते, वेग ८ चा २ होतो. आणि हे सगळं कधी? ऐन श्रावणात, जेव्हा सत्यनारायणाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

म्हणून केबल घेतली. ५९९ म्हणाले, १८ टक्के जीएसटी धरून ७०७ झाले. हे आधी विचारून घ्या, पत्रकावर बारीक अक्षरात असतं. वेग ४० खाली, ५ वर. दुपारी तर पुण्याचे यजमान म्हणाले, "गुरुजी, तुमच्या गंधाच्या रेघा मोजता येतात."

पण संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीचं कुटुंब जोडलं गेलं आणि संकल्पातच चित्र गोठलं. मी गोदावरीच्या उत्तर तीरावर, ते अटलांटिकच्या काठी, देशकाल सांगताना आधीच माझी तारांबळ, त्यात "मम" म्हणायच्या जागी यजमानांचं तोंड उघडं ते उघडंच. केबलची वाट गल्लीतल्या सगळ्या घरांची सामाईक. मालिकांच्या वेळेला अर्धी आळी नेटवर असते. वर जाणाऱ्या सिग्नलसाठी केबलमध्ये खालच्या फ्रिक्वेन्सीचा एक चिंचोळा पट्टा असतो आणि सगळ्या घरांतला कचरा गोळा होऊन त्याच पट्ट्यात येतो. पलीकडच्या घरातल्या टीव्हीमागचा ढिला कनेक्टर माझ्या पूजेत विघ्न आणू शकतो, हे केबलच्या पोऱ्याने सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

चार तक्रारींनंतर तो शिडी घेऊन आला. आमच्याकडे आत येणारी केबल आधी टीव्हीच्या स्प्लिटरला, तिथून पुढे दुसऱ्या स्प्लिटरला आणि मग मोडेमला जात होती. दोन वाटे करणारा स्प्लिटर दरवेळी साधारण साडेतीन डेसिबल खातो. दोन लावले की सात, म्हणजे सिग्नलचा पाचवा हिस्साच हातात. त्याने पहिल्याच फाट्यावर मोडेम लावला, पिळून बसवलेले कनेक्टर कापून टाकले आणि दाबून बसणारे लावले. केबलच्या आतल्या जाळीचा एक बारीक तंतू मधल्या तारेला टेकत होता. बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला, दर्भाच्या टोकाएवढासुद्धा नव्हता. त्यानंतर रात्रीही वर ३ मिळू लागले, बहुतेक दिवस.

केबलची न सुटलेली भानगड विजेची. गल्लीतला अॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नलला जोर देणारी पेटी, कोपऱ्यावरच्या एका घराच्या विजेवर चालतो. माझा इन्व्हर्टर चालू, मोडेमचे दिवे चालू, आणि नेट नाही, कारण तिकडची वीज गेलेली. टेलिफोनचं तसं नाही, एक्स्चेंजला बॅटऱ्या आणि जनरेटर असतात. माझ्या मोडेमला इन्व्हर्टर मिळाला की काम झालं. दुपारभर वीज जाते तेव्हा अख्ख्या आळीत नेट फक्त आमच्याकडे, आणि ओसरीवर शेजारची पोरं फोन घेऊन बसलेली.

तुम्हाला निवड करायची असेल तर पत्रकावरचा आकडा नंतर बघा. टेलिफोनवाल्याला विचारा, तार किती लांब आणि पिलर सखल जागी आहे का. केबलवाल्याला विचारा, अॅम्प्लिफायर कुणाच्या विजेवर. आणि पैसे भरायच्या आधी शेजाऱ्याकडे रात्री नऊला जाऊन वर जाणारा वेग मोजा, खाली येणारा नव्हे. घरात नुसते सिनेमे बघायचे असतील तर केबल घ्या, विचारसुद्धा करू नका.

मी दोन्ही ठेवलीत. टेलिफोन बारा महिने आणि केबल आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत. केबलचं प्रीपेड आहे, चार महिने रिचार्ज करतो, मग मोडेम कापडात गुंडाळून फडताळात. केबलवाला म्हणतो, "गुरुजी, चातुर्मास पाळणारं गिऱ्हाईक पहिलंच." टेलिफोनला उन्हाळ्यात पाचपैकी चार तारे, श्रावणात दीड. केबलला दुपारी साडेचार, रात्री तीन.

न्यू जर्सीकरांना मात्र आता साडेसहाची वेळ देतो. त्यांच्याकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि आमच्या गल्लीत मालिका सुरू व्हायला अजून अर्धा तास असतो. तेवढ्यात संकल्प, आचमन आणि गणपतीपूजन उरकून घेतो. कथेच्या वेळी चित्र थोडं गोठलं तरी आवाज जातो.