एचलिस्टचा बदललेला फॉर-ईच मॅक्रो: पाचपैकी साडेचार

लिनक्सच्या मुख्य कर्नलबाहेरचा (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एक नेटवर्क ड्रायव्हर मी बरीच वर्षं सांभाळते आहे. २०१३ साली लिनक्स ३.९ वर त्याचा पहिला बिल्ड लावला आणि स्क्रीनभर एकच एरर: मॅक्रोला चार आर्ग्युमेंट दिलीत, तो तीनच घेतो. मॅक्रो म्हणजे कंपाइल होताना पूर्ण कोडमध्ये उलगडणारं लघुरूप. हा होता एचलिस्ट-फॉर-ईच-एंट्री, एचलिस्ट नावाच्या यादीतल्या एकेका एंट्रीवर फिरणारा लूप. त्या दिवशी वैतागले होते. आज विचाराल तर कर्नलच्या इंटरफेसमधला हा माझा सगळ्यात आवडता बदल आहे.

आधी साध्या लिस्टवर फिरायला तीन गोष्टी पुरायच्या: स्ट्रक्चरचा पॉइंटर, हेड आणि मेंबरचं नाव. हॅश टेबलच्या (कीवरून एंट्री कुठल्या कप्प्यात जाते ते ठरवणारा साठा) बकेटमधली, म्हणजे एका कप्प्यातली, एचलिस्ट असली की चौथी लागायची, एक नोड पॉइंटर. आपल्याला त्याचं काही काम नसायचं. मॅक्रोला पुढे सरकता यावं म्हणून तो फंक्शनच्या माथ्यावर डिक्लेअर करायचा, बस. आमच्या एकाच फाइलमधून असे सतरा निघाले.

आता ते काम एंट्रीचा पॉइंटरच करतो. एचलिस्टच्या शेवटी नल, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा पॉइंटर, असतो. नलवर कंटेनर-ऑफ (मेंबरच्या पत्त्यावरून अख्ख्या स्ट्रक्चरचा पत्ता काढणारा मॅक्रो) लावलं तर ऑफसेट वजा होऊन भलताच पत्ता हाती येईल, म्हणून आतला छोटा मॅक्रो आधी नल तपासतो. यातून जे मिळालं ते मला फार मोलाचं वाटतं: लूप शेवटपर्यंत गेला तर पॉइंटर नल, मध्येच ब्रेक केलात तर हातात सापडलेली एंट्री. साध्या लिस्टमध्ये लूप संपल्यावर हाच पॉइंटर हेडवरून काढलेल्या खोट्या एंट्रीवर जाऊन बसतो. अख्ख्या टेबलावर फिरणारा हॅश-फॉर-ईचही याच्याच जोरावर चालतो. त्यात लूपमध्ये लूप आहे, तरी एक ब्रेक पुरतो, कारण बाहेरचा लूप ऑब्जेक्ट नल असेल तरच पुढच्या बकेटवर जातो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तो हेडर पुन्हा वरपासून वाचला.

अर्धा तारा कापला तो सेफ प्रकारासाठी. फिरता फिरता एंट्री काढायची तर तोच लागतो, आणि त्यातला तात्पुरता पॉइंटर अजूनही एचलिस्ट नोडचा आहे. साध्या लिस्टच्या सेफमध्ये तो एंट्रीच्याच टाइपचा असतो. हात सवयीने चुकतो.

नव्यांनी एक जपावं. हॅश-फॉर-ईच-पॉसिबल फक्त दिलेल्या कीची बकेट फिरवतो, एंट्रीची की खरंच जुळते का ते आपणच बघायचं. आमच्या टीममधल्या एकाकडून ती तुलना राहून गेली. टेस्टमध्ये दहाच फ्लो (एकाच जोडणीच्या पॅकेटांचे प्रवाह) होते, त्यातले कुठलेही दोन एका बकेटमध्ये पडले नाहीत, सगळं हिरवं. ग्राहकाकडे गेल्यावर एका फ्लोची पॅकेटं दुसऱ्याच्या नावावर मोजली जाऊ लागली. शोधायला तीन दिवस गेले.

मुख्य कर्नलमधले जुने कॉल बहुतांशी कॉक्सिनेल या कोड आपोआप बदलणाऱ्या साधनाच्या सिमँटिक पॅचने बदलले गेले. आमच्यासारख्यांनी ३.९ च्या आधीच्या कर्नलसाठी आवृत्ती तपासणारा वेगळा हेडर ठेवावा, प्रत्येक लूपभोवती इफडेफ (अटीनुसार कोड घेणाऱ्या-वगळणाऱ्या ओळी) घालू नयेत. आणि टेबलाचा आकार सुरुवातीलाच ठरतो: ८ बिट दिले की २५६ बकेट, पुढे वाढत नाहीत. एंट्री लाखांत जाणार असतील तर गरजेप्रमाणे आकार बदलणारं आरहॅशटेबल घ्या.