उद्यमबागेतलं बॅलन्सिंग मशीन आणि शहापूरचे मदरबोर्डवाले मामा

जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड बदलून नीट सेट करून देणारा माणूस बेळगावात हवा असेल, तर शहापूरला जा. खडेबाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात हे दुकान आहे. मालकांनी नाव-नंबर टाकू नका म्हणून सांगितलंय, म्हणून टाकत नाही. ‘जुने कंप्युटरवाले मामा’ म्हणून विचारलं की आसपासचं कुणीही दाखवतं.

माझं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. पंपांचे इम्पेलर आणि लहान रोटर बॅलन्स करून देतो. बॅलन्सिंग मशीनला जोडलेला कंप्युटर ४८६ प्रोसेसरचा, डॉसवर (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर) चालणारा, आत मापन करणारं आयसा कार्ड, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं. हे कार्ड आता कुठं मिळत नाही आणि आजकालच्या साध्या बोर्डावर त्याला बसायला जागाच नसते. कंप्युटर बंद पडला तेव्हा एका विक्रेत्यानं सरळ नवीन कंट्रोल घ्या म्हणून लाखाच्या वरचं कोटेशन हातात ठेवलं. मशीनचं यांत्रिक काम ठणठणीत, बेअरिंग चांगली, सेन्सर चांगले, मग एका बोर्डापायी सगळं का फेकायचं?

मामांनी कॅबिनेट उघडलं आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक कीबोर्डच्या सॉकेटजवळ टेकवलं. तिथं निळी, गोल, डबीसारखी निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावरच सोल्डर केलेली होती. ती फुटून तिच्यातला अल्कली पसरला होता. खालच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडलेल्या, दोन ठिकाणी तर पार खाऊन टाकलेल्या. चालू करताना कीबोर्ड एरर यायची ती यामुळंच. मामांनी बॅटरी काढली, पातळ व्हिनेगर लावून ब्रशनं घासलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतलं. तुटलेल्या रेषांवर बारीक वायर टाकून बोर्ड जिवंतही करून दाखवला. पण म्हणाले, “मालक, ह्यो चालंल, पण रोजच्या धंद्याला ह्याच्यावर भरवसा ठेवू नकासा.” दुरुस्तीचे पैसे घेऊन तोच बोर्ड परत देता आला असता. तसं केलं नाही, ही पहिली आवडलेली गोष्ट.

त्यांच्याकडं कपाटात बोर्ड कागदात गुंडाळून, चिठ्ठ्या लावून ठेवलेले आहेत. माझ्या मनात पेंटियम थ्री, म्हणजे बराच वेगवान प्रोसेसर होता. मोठा घ्यायचाच तर चांगला घ्यावा, असा विचार. मामांनी आधी प्रोग्रॅमची फाइल मागून घेतली आणि दुकानातल्या पेंटियम थ्रीवर चालवली. स्क्रीनवर ‘रनटाइम एरर २००’ आणि प्रोग्रॅम बाहेर. कारण त्यांनी कागदावर लिहून समजावलं. हा प्रोग्रॅम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला. सुरू होतानाच तो घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, प्रोसेसर किती फेरे मारतो ते मोजतो आणि त्याला ५५ नं भागतो. प्रोसेसर फार वेगवान असला की भागाकार १६ बिटांत मावत नाही, आणि तिथंच सगळं थांबतं. फाइलमध्ये पॅच मारता येतो, पण ज्या प्रोग्रॅमवर माप घ्यायचं त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. मला तो शंभर टक्के पटला.

शेवटी घेतला तो सॉकेट ७ चा एटी, म्हणजे जुन्या आकाराचा बोर्ड, इंटेल ४३०टीएक्स चिपसेटचा, त्यावर पेंटियम एमएमएक्स १६६. कॅबिनेट तेच, पॉवर सप्लायही तोच राहिला. एमएमएक्सला आतलं व्होल्टेज २.८ लागतं, साध्या पेंटियमला ३.३ च्या आसपास. म्हणून व्होल्टेजचे जम्पर (पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) आधी, प्रोसेसर नंतर. मग बोर्डाच्या बसचा वेग ६६.६ मेगाहर्ट्झ आणि गुणक २.५, म्हणजे प्रोसेसर १६६ वर. प्रत्येक जम्पर बोर्डावर छापलेल्या तक्त्याशी त्यांनी भिंग घेऊन ताडून पाहिला. पॉवरचे दोन कनेक्टर बसवताना काळ्या वायरी मध्ये एकमेकींना लागून आल्या का, हेही दोनदा बघितलं; उलटे बसले तर बोर्ड जळतो. एटी कॅबिनेटच्या समोरच्या बटणात थेट २३० व्होल्ट येतात. त्याच्या टोकांवरचं जुनं कडक झालेलं स्लीव्ह काढून नवं घातलं. हे मी सांगितलेलंही नव्हतं.

रॅमचं बोलणं चाललं तेव्हा मी १२८ एमबी टाका म्हटलं. “३२ बास हाय. जास्त कशाला पैसे घालवतासा?” हा चिपसेट ६४ एमबीपर्यंतचीच रॅम कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत) घेतो, त्यावरची मेमरी उलट हळू चालते. डॉसच्या प्रोग्रॅमला तर ३२ सुद्धा पुष्कळ. बोर्डावर जुनी ७२ पिनांची सिम आणि १६८ पिनांची डिम अशी दोन्ही सॉकेट होती. सिम पेंटियमला जोडीनंच लावावी लागते, म्हणून त्यांनी एकच डिम दिली.

डिस्कच्या जागी २ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई अ‍ॅडॉप्टरवर बसवलं. डॉस ६.२२ ला पार्टिशन २ जीबीच्या वर घेता येत नाही, त्यामुळं मोठं कार्ड लावून फारसा उपयोग नाही. आधी जुन्या डिस्कची संपूर्ण नक्कल काढून मला पेनड्राइव्हवर दिली. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्ह चालणारा गोटेक आला. आता रिपोर्ट ऑफिसात न्यायला फ्लॉपी शोधावी लागत नाही.

खरं कौशल्य दिसलं ते आयसा कार्ड लावल्यावर. कार्डावरच्या डिप स्विचवर पत्ता ३०० हेक्स आणि आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन) ५. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये) पीएनपी-पीसीआयच्या पानावर आयआरक्यू ५ ‘लेगसी आयसा’साठी राखून ठेवला, म्हणजे दुसरं कुठलं कार्ड तो बळकावणार नाही. प्रोग्रॅम सुरू झाला, आकडेही आले, पण कोनाचा, म्हणजे रोटरची जड बाजू कुठं आहे ते सांगणारा आकडा एका जागी थांबेना. दुसऱ्या कुणी इथं ‘चालतंय की’ म्हणून बिल केलं असतं. मामा स्वतः स्कूटरवर उद्यमबागेत आले. बायोसमध्ये चिपसेटच्या पानावर आयओ रिकव्हरी टाइम वाढवला, ८ बिटांचा आणि १६ बिटांचा दोन्ही. नवा बोर्ड एकामागून एक वाचन फार पटकन मागत होता आणि जुन्या कार्डाला दम घ्यायला वेळ मिळत नव्हता. आकडा थांबला.

तरी मला खात्री करायची होती. बॅलन्स झालेल्या रोटरवर ठरलेल्या त्रिज्येला माहितीच्या वजनाचा बोल्ट लावला, माप घेतलं, मग तोच बोल्ट समोरच्या बाजूला लावला. कोन १८० अंशांनी फिरला आणि वजन तेच आलं. हे का लागतं ते सांगतो. २० किलोचा इम्पेलर २,९०० आरपीएमवर फिरणार असेल, तर जी ६.३ ग्रेडला (बॅलन्स किती काटेकोर हवा त्याचं एक माप) सुमारे ४१५ ग्रॅम-मिलिमीटर एवढाच असमतोल चालतो. १०० मिलिमीटर त्रिज्येवर ते जेमतेम ४ ग्रॅम. कोनाचा आकडा डुलत असेल तर ऑपरेटर मटेरियल भलत्याच जागी घासणार, आणि गिऱ्हाईकाचा पंप महिन्याभरात बेअरिंग खाणार.

एकूण खर्च साडेसहा हजार, त्यात उद्यमबागेला येण्याचेही पैसे आले. बोर्ड सेकंडहँड असल्यानं वॉरंटी तीनच महिने. बोर्डावर आता नाण्यासारखा सीआर२०३२ सेल आहे, तो सहसा गळून बोर्ड खात नाही. दुकानात कुठंही मिळतो.

उणं म्हणायचं तर मामा कामाला वेळ लावतात आणि दुपारी फोन उचलत नाहीत. घाईचं काम असेल तर आधी स्पष्ट विचारा. सेटिंग सगळ्या त्यांच्या डोक्यात असतात, कागदावर नाहीत. मी आग्रह धरून जम्पर, पत्ता, आयआरक्यू आणि बायोसच्या नोंदी लिहून घेतल्या आणि कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवल्या. सेल संपला की बायोस सगळं विसरणार, तेव्हा हाच कागद कामाला येईल. तुम्हीही लिहूनच घ्या. बोळात चारचाकी जात नाही. पावसाळ्यात मशीन नेणार असाल तर ताडपत्री हवीच, बेळगावचा पाऊस सांगून येत नाही.

मी बसलो होतो तेव्हा निपाणीकडचा एक जण वजनकाट्याचा कंप्युटर घेऊन आला होता आणि खानापूरचा एक छापखानावाला जुन्या मराठी फॉन्टांचा. याआधी असल्या कामाला बेंगळूरचा एसपी रोड नाहीतर पुण्यातला पासोड्या विठोबाचा बाजार गाठावा लागायचा. जाताना नुसता बोर्ड नेऊ नका. कार्ड, केबली, पॉवर सप्लाय आणि प्रोग्रॅमची नक्कल, सगळं सोबत न्या. त्याशिवाय मामा कामाला हात लावत नाहीत. रविवारी दुकान दुपारपर्यंतच उघडं असतं.