पाइप वाजतोय: अरेस्टर लावू की पीआरव्ही?
भावा, अरेस्टर म्हणजे पाइपातला पाण्याचा दणका झेलणारं यंत्र, पीआरव्ही म्हणजे पाण्याचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह. आधी आवाज कधी येतोय ते बघ. वॉशिंग मशीननं पाणी झटकन तोडल्यावर भिंतीत धाडकन दणका बसतोय तर तो वॉटर हॅमर, तिथं अरेस्टर लावायचा आणि सुटलेल्या पाइपला क्लॅम्प मारायचा, पण प्रेशर काय त्यानं कमी होत नाय. नळ चालू असताना शिट्टी वाजतीय, पाणी बेसिनमधनं अंगावर उडतंय, तर पीआरव्ही. कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या उंच बिल्डिंगीत खालच्या फ्लॅटवाल्यांना हाच ताप, टाकी दर 10 मीटर वर गेली की प्रेशर साधारण 1 बार वाढतं. सगळे नळ बंद करून प्रेशर मोजायचा गेज लाव, काटा 5 बारच्या वर गेला तर पीआरव्हीच घे. बैठ्या घरात गच्चीवरच टाकी असली तर पीआरव्हीच्या नादाला लागूच नको, शॉवर रडत बसंल.