गाडीच्या चिपने लावलेला ३९,०५९ रुपयांचा चुना

आधी हिशेब मांडतो, मग शिव्या घालतो. डोंगल, म्हणजे ॲव्हरेज वाढवते म्हणून गाडीत खोचायची चिप, १,९९९ रुपये. पॉवर बॉक्स, म्हणजे तसाच इंजिनच्या वायरीत बसवायचा डबा, १८,५००. फिटिंगचे ८००. घाटातून गाडी उचलून आणणाऱ्या टोइंगवाल्याला ३,५००. सर्व्हिस सेंटरचं बिल १४,२६०. एकूण ३९,०५९. यात माझ्या बुडालेल्या धंद्याचा आणि बायकोच्या टोमण्यांचा हिशेब धरलेला नाही.

जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे माझं कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीच्या पाकिटावरचा लॉट नंबर आणि मुदत बघितल्याशिवाय मी माल उतरवून घेत नाही. बोगस बियाणं लांबून ओळखतो, गावातले लोक पाकिटं मला दाखवायला आणतात. हे एवढ्यासाठी सांगतोय की ‘आबा भोळे आहेत, कोणी पण गंडवतं’ असं जे आमच्या पाहुण्यांमध्ये चाललंय ते बंद व्हावं. मी भोळा नाही. समोरचा तयारीचा होता.

कृषी प्रदर्शनात ठिबकच्या आणि फवारणी पंपांच्या स्टॉलांमध्ये त्याचा स्टॉल होता. ‘चिप बसवा, ॲव्हरेज ३० टक्के वाढवा, पिकअप वाढवा.’ डिझेल नव्वदीच्या पार गेलेलं, माझं आठवड्यातून दोनदा तरी जळगाव होतं, हंगामात यावल, रावेर, अमळनेर वेगळं. पाटी वाचून कोणता गाडीवाला थांबणार नाही? त्यात पोरगा अहिराणीत सुरू झाला. “आबा, आपलाच मानूस शे मी, तुमले फसवसू का?” मराठीत बोलला असता तर मी चार प्रश्न जास्त विचारले असते, हे खरं.

ट्रायल द्यायला तो माझ्याच गाडीत बसला. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे मेकॅनिक बिघाड तपासायला मशीन लावतो त्या सॉकेटमध्ये, डोंगल खोचलं, मीटरवरचं ॲव्हरेज शून्य केलं, एसी बंद केला आणि म्हणाला, बायपासला घ्या, पाचव्या गिअरमध्ये साठवर ठेवा. मीटर २४ दाखवायला लागलं. अरे, शून्य करून सरळ रस्त्यावर एसीशिवाय साठने चालवली तर कोणतीही डिझेल गाडी तेवढ्यापुरतं मोठं ॲव्हरेज दाखवते! डोंगल काढूनही तेवढंच दाखवलं असतं. पण ‘डोंगल काढून एकदा दाखव’ हे वाक्य तिथं, त्या उन्हात, मागे माणसं रांगेत उभी असताना कोणाला सुचतं?

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडते ती सांगतो. डोंगल खोचलं तेव्हा गाडी बंद होती. नुसती बंद नाही, चावी माझ्या खिशात होती. आणि डोंगलवर लाल, हिरवा, निळा असे दिवे लुकलुकायला लागले. तो म्हणाला, “बघा आबा, चिप जागी झाली, ईसीयूशी बोलते आहे.” चावी खिशात! ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक, तो तर झोपलेला! बोलते कोणाशी? ओबीडी पोर्टच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात, चावी असो नसो. त्यात काहीही खोचलं तरी दिवा लागतो. संगणकाशी बोलणं असतं ते ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर, कॅन लाइनवर. हे मला आता पाठ आहे. तेव्हा चावी मांडीला टोचत होती, मी ती चाचपलीसुद्धा, आणि तरी दिव्यांकडे बघून मान डोलावली. दुकानात इन्व्हर्टरचा दिवा लागला म्हणजे इन्व्हर्टर चालू, आयुष्यभर हेच बघितलेलं. दिवा फक्त दिवा असू शकतो हे कोण शिकवतं?

१,९९९ स्कॅन करून दिले. क्यूआरवर आलेलं नाव स्टॉलच्या पाटीवर नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं. “ताईचं खातं आहे, आबा.” कच्ची पावती दिली, जीएसटी नंबर नाही. मी स्वतः एका पाकिटालाही पक्कं बिल देतो. पण प्रदर्शनात रसवंतीवालाही पक्कं बिल देत नाही, असं मनात आलं आणि विषय तिथेच संपला. तुम्ही असं मनात येऊ देऊ नका. पक्कं बिल नाही तर वस्तू नाही.

“२०० किलोमीटर चालवा, चिप तुमचं ड्रायव्हिंग शिकते, मग फरक दिसेल.” हे वाक्य कुठेही ऐकलंत तर उठून चालू लागा. शिकत बिकत काही नाही, तेवढ्यात प्रदर्शन उठतं.

फरक पडला नाही. फोन लावला तर मला वाटलं उचलणार नाही. उचलला! इथेच तर माझा विश्वास बसला. पळून जाणारा फोन उचलत नाही, बरोबर ना? म्हणाला, तुमची गाडी डिझेल आहे, टर्बो आहे, तिला डोंगल पुरत नाही, पॉवर बॉक्स लागतो, घरी येऊन बसवून देतो, डोंगलचे पैसे त्यातून वळते करू. वळते केले नाहीत. १८,५०० आणि वर फिटिंगचे ८०० असे उभ्या उभ्या घेतले. या वेळी कच्ची पावतीसुद्धा नाही.

आणि बॉक्स बसवल्यावर गाडी खरंच पळायला लागली. चढाला गिअर कमी बदलावा लागायचा. मीटरवरचं ॲव्हरेज वीसच्या वर. शपथेवर सांगतो, मी दोघा ओळखीच्यांना त्याचा नंबर दिला. त्यांनी घेतला नाही म्हणून वाचलो, नाही तर गाव सोडावं लागलं असतं.

हा बॉक्स काय करतो ते नीट वाचा, कारण डोंगलवाला शुद्ध ठग आहे, बॉक्सवाला अर्धं खरं विकतो आणि ते जास्त महाग पडतं. कॉमन रेल डिझेल इंजिनात एका नळीत डिझेल प्रचंड दाबाने भरलेलं असतं. तिच्यावर दाब मोजणारा सेन्सर असतो. सेन्सर आणि ईसीयू यांच्या वायरमध्ये हा बॉक्स बसतो आणि खरा दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो. कापसाच्या काट्यावर कमी वजन सांगणारा व्यापारी असतो ना, तसा. ईसीयूला वाटतं दाब कमी पडला, तो वाढवतो, इंजेक्टरमधून डिझेल जास्त जातं, ताकद वाढते. ताकद खरी आहे. पण ती जास्तीच्या डिझेलची आहे.

आणि मीटरवरचं ॲव्हरेज? गाडी ते डिझेल मोजून काढत नाही, ईसीयूने किती सोडलं असं त्याला वाटतं त्यावरून काढते. ईसीयूलाच खोटं सांगितलं तर मीटर खोटंच दाखवणार! मीटर २०.१ म्हणत होतं. शेवटी मी एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरली, ६१२ किलोमीटर चाललो, त्याच नोझलला पुन्हा तशीच भरली. ३९.८ लिटर बसलं. म्हणजे १५.४. बॉक्स बसवायच्या आधी माझ्या वहीत १६.५ लिहिलेलं आहे. म्हणजे १८,५०० देऊन मी एक किलोमीटर कमी करून घेतला. कोणी ॲव्हरेज वाढवायची वस्तू विकत असेल तर त्याला मीटर दाखवू देऊ नका, टाकी ते टाकी मोजा.

टाकीचा हिशेब लागला त्याच आठवड्यात बॉक्स काढायचं ठरवलं होतं. पण आधी संभाजीनगरला दवाखान्यात जायचं होतं, आई सोबत, गाडी भरलेली, एसी चालू, मे महिन्याचं आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढायला लागलो आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला, गाडीचा जीव गेला. ॲक्सिलेटर दाबला तरी वेग वाढेना. याला लिंप मोड म्हणतात, काहीतरी बिघडलंय असं दिसलं की ईसीयू इंजिन वाचवायला ताकद काढून घेतो. मागे हॉर्न, बाजूला दरी, आईचा देवाचा जप. पुढचं लिहित नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्याने बॉनेट उघडलं आणि एकच प्रश्न विचारला, “हे कोणी बसवलं?” गाडी २०२१ ची, बीएस-६, एक्स्टेंडेड वॉरंटी चालू. वॉरंटी तिथेच रद्द. सेन्सर बदलला, वायरिंगचा सॉकेट बदलला, कारण फिटिंग करताना त्याचं लॉकच तोडलं होतं, आणि धुराने भरलेला काजळीचा फिल्टर मशीन लावून साफ केला. बीएस-६ डिझेलला हा फिल्टर असतो हे बॉक्स विकणारा कधीच सांगत नाही. डिझेल जास्त सोडलं की काजळी जास्त, ती जाऊन बसते फिल्टरमध्ये. मेकॅनिक म्हणाला, इंजेक्टर किंवा पंप गेला असता तर बिलात आणखी एक शून्य धरा.

डोंगल भाच्याने स्क्रूड्रायव्हरने उघडलं. तो मोबाइल रिपेअरिंग करतो. “मामा, यात काही नाहीये.” एक छोटी पट्टी, एक स्वस्तातली चिप, तीन दिवे, एक बटण. कॅन लाइनवर बोलायला जी ट्रान्सीव्हर चिप लागते ती नव्हतीच. १,९९९ रुपयांची दिवाळीची माळ.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो. अंमलदार म्हणाले, “काका, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला ना? मग यात फसवणूक कुठे, हे दिवाणी आहे.” मी म्हटलं, खोटं सांगून पैसे घेणं ही फसवणूक नाही? तर म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर उभा होता, हे ऑनलाइन नाही. समोर होता म्हणून सायबर नाही, पिन टाकला म्हणून फौजदारी नाही, मग मी रोख द्यायला हवे होते की चोरी करवून घ्यायला हवी होती? बँकेने ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः केला आहे’ असं छापील उत्तर पाठवलं. प्रदर्शनाच्या आयोजकांनी सांगितलं, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो, आणि स्टॉलवाल्याचा पत्ता ‘गोपनीय’ आहे. गोपनीय! मोठ्या आवाजात माईकवरून याच स्टॉलची जाहिरात करत होतात ना?

सगळ्यात भारी आरटीओ. तिथल्या साहेबांनी माझी सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली, मला वाटलं कोणीतरी भेटला. मग म्हणाले, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत बदल करता येत नाही, तुमच्यावरच कारवाई होऊ शकते, चिप काढून टाका आणि घरी जा. म्हणजे उघड्यावर स्टॉल लावून विकणारा मोकळा आणि विकत घेणारा गुन्हेगार. बोगस खत निघालं तर दुकानदाराचं लायसन्स जातं, माझं जातं. याच्याकडे लायसन्सच नाही, मग जाणार काय? हे मी तिथे मोठ्याने बोललो, शिपाई आत आला, मग गप्प बसलो.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर परत फिरू नका. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पूर्वीचं ४२०. ठाण्यात नोंद केली नाही तर लेखी अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची सोय कायद्यात आहे. मी रजिस्टरने पाठवला आहे, पोच मिळाली आहे, उत्तर नाही. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. आणि बंद पाकिटातल्या वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, किंमत छापलेली असावीच लागते. माझ्या बॉक्सवर ‘टर्बो पॉवर’ एवढंच छापलंय. मी विकतो त्या कीटकनाशकाच्या बाटलीवर याच्या वीसपट मजकूर असतो.

मग चिप ही वस्तू खोटीच का? नाही, तेवढंही सांगून टाकतो, नाही तर पुण्या-मुंबईचे गाडीशौकीन माझ्यावर तुटून पडतील. ईसीयूचा प्रोग्रॅम खरोखर बदलून देणारे लोक आहेत. ते आधी मूळ फाइल काढून ठेवतात, डायनोवर गाडी चालवून ताकद मोजून दाखवतात, हजारो रुपये घेतात. टर्बो गाडीला फरक पडतो, साध्या पेट्रोल इंजिनला फारच थोडा. वॉरंटी तिथेही जाते. विमा कंपनीला कळवलं नसेल तर क्लेमला भांडण आहेच. पण तेही ताकदच विकतात. ॲव्हरेज फुकटात वाढत असतं तर गाडी बनवणाऱ्या कंपनीने कारखान्यातच वाढवून दिलं असतं. आपल्या देशात गाडी ॲव्हरेजवर खपते हे त्यांना कळत नाही का? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली, मोठा फरक पाडणारं त्यात एकही निघालं नाही. टायरमध्ये हवा नीट ठेवा. एवढ्याने वाचेल ते वाचेल.

बॉक्स आणि डोंगल दोन्ही मी फेकलेलं नाही, पिशवीत घालून दुकानाच्या तिजोरीत ठेवलंय. आयोगात तक्रार दाखल करतो आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे एकाच प्रकारे फसलेल्या अनेक ग्राहकांतर्फे एक तक्रार करता येते, आयोगाची परवानगी घेऊन. स्टॉलवर गर्दी होती, मी एकटा असणं शक्यच नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ज्यांनी कुठल्याही प्रदर्शनात ही चिप घेतली आणि लाजेने गप्प बसले आहेत, त्यांनी यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आत कोणाचं नाव दिसतंय ते बघा. त्याच ‘ताई’चं असेल तर कळवा.