वेगळा रेकॉर्डर घ्यावा की माईक थेट कॅमेऱ्यालाच लावावा?

आवाजासाठी पैसे घालण्याआधी एवढंच बघा: माईक बोलणाऱ्याच्या किती जवळ नेता येणार आहे? मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, आणि ते नुकसान कुठलंच महाग यंत्र भरून काढत नाही.

सोलापुरातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये कारागिराची मुलाखत घ्यायची आहे असं धरा. कॅमेरा दहा फुटांवर, चारी बाजूंनी मागांचा खडखडाट. कॅमेऱ्याची ऑटो लेव्हल (आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय) खडखडाटावरच ठरते आणि माणसाचं बोलणं त्याखाली दबतं. रेकॉर्डर कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलात तरी तीच गत. तोच रेकॉर्डर फ्रेमच्या जरा खाली, कारागिराच्या छातीपाशी धरा. शब्द न् शब्द कळतो. अर्थात इथं वायरलेस कॉलर माईकही तेच काम करतो, शिवाय आवाज थेट व्हिडिओत येतो. एकटेच शूट करत असाल आणि बोलणारा एकच असेल, तर वायरलेसच घ्या.

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत मात्र मी रेकॉर्डरच्या बाजूने आहे. अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला) तो जिथं होतो त्या सम्मती कट्ट्यापाशी एवढी गर्दी असते की हजारो फोनांच्या गर्दीत वायरलेसचा सिग्नल तुटू शकतो. रेकॉर्डर स्वतःच्याच कार्डावर लिहितो, त्याला ती भीती नाही. पण हा आवाज व्हिडिओला जोडताना एक ध्यानात ठेवा. रेकॉर्डर कट्ट्याजवळ आणि कॅमेरा शंभर फुटांवर असेल, तर कॅमेऱ्यापर्यंत आवाज पोचायला जवळपास ०.०९ सेकंद लागतात. २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमचा फरक. म्हणून कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवून थांबू नका, ओठांकडे आणि हलगीवर पडणाऱ्या काडीकडे बघून ट्रॅक सरकवा. हलगीमुळे लेव्हल अचानक उसळते, तिथं झूम एच१ इसेन्शियलसारखा ३२-बिट फ्लोटचा (म्हणजे अचानक चढलेला आवाजही नंतर न फाटता खाली आणता येतो असा) रेकॉर्डर फार उपयोगी पडतो.

हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातल्या कार्यक्रमांसाठी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून फीड (थेट वायरने आवाज) घ्यायची असेल, तर एक्सएलआर (तीन पिनांच्या वायरीच्या) खाचांचा टास्कम डीआर-४०एक्स बघा. इनपुट 'लाइन'वर ठेवा, 'माईक'वर राहिलं तर आवाज फाटतो.

रेकॉर्डरचा खरा त्रास नंतरचा. सुरुवातीला जुळवायची खूण म्हणून टाळी वाजवायची, प्रत्येक क्लिप जुळवायची, आणि तासभराच्या सलग कीर्तनात दोन्ही यंत्रांची घड्याळं हळूहळू सरकतात, म्हणून मध्ये कापून पुन्हा बसवायचं. ३२-बिट फ्लोट नसलेल्या रेकॉर्डरवर सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. तासाला साधारण १ जीबी लागते. रात्री एडिट करून सकाळी व्हिडिओ द्यायचा असेल, तर ही जुळवाजुळव परवडत नाही.

आणि रेकॉर्डर घेतलात तर फरचं आवरण आणि हेडफोन त्याच दिवशी घ्या. गड्डा भरतो त्या होम मैदानावर वारा माईकवर आपटला, की ती घरघर एडिटमध्ये निघत नाही.