व्हेरिटासची डव्हटेल करवत: पैसे कशाचे मोजायचे

मी सावंतवाडीत गंजिफांच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या, संचांसाठी लाकडी पेट्या करते. सरकतं झाकण, चारही कोपऱ्यांना डव्हटेल, म्हणजे एका फळीच्या पक्ष्याच्या शेपटीसारख्या पसरट टोकांनी दुसऱ्या फळीच्या खाचांत अडकणारा सांधा. फळ्या सागाच्या किंवा फणसाच्या, जाडीला आठ-नऊ मिलिमीटर. एवढ्या पातळ फळीत शेपट्या कापायला बाजारातली अठरा इंची हातकरवत चालत नाही. दाते मोठे, पान लवतं आणि काप इतका रुंद पडतो की आखलेली रेघच त्यात जाते. भाची कॅनडाहून यायची होती, तिच्याकडून व्हेरिटासची डव्हटेल करवत मागवली.

व्हेरिटास म्हणजे ओटावाच्या ली व्हॅलीचा हत्यारं बनवणारा विभाग. लेनर्ड ली यांनी १९७८ साली टपालाने हत्यारं विकायला सुरुवात केली, ती ही कंपनी. करवतीचं पान सव्वानऊ इंच लांब, जाडी अर्धा मिलिमीटर, इंचाला १४ दाते. इतकं पातळ पान ताठ राहावं म्हणून वरून पाठ बसवलेली असते. जुन्या पद्धतीच्या करवतींना ती पितळेची असते. इथे स्टेनलेसची पूड, काचतंतू आणि राळ यांचं मिश्रण साच्यात ओतून केलेली काळी पाठ आहे. पितळेची शोभा तिला नाही, पण वजन पुरेसं आहे आणि माझं गिऱ्हाईक करवत बघत नाही, पेटी बघतं.

आमच्या आळीतल्या सुतारकाकांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "गो, ह्या करवतीन लाकूड कापतंस की पापड?" मग मीच फणसाच्या तुकड्यावर कापून दाखवलं. काकांनी कापात नख घालून पाहिलं, नख गेलं नाही. पुढे ते काही बोलले नाहीत. त्यांच्या तोंडून मिळण्यासारखी शाबासकी एवढीच.

दाते उभ्या कापाचे आहेत, आणि शेपटीचा काप जवळजवळ रेशांच्या दिशेनेच जातो, त्यामुळे ते बरोबरच आहे. जोर लावायचा नाही, करवतीचं वजनच पुरतं. सागासारख्या लाकडाला शेपटीच्या कडेचा मी १:८ चा उतार धरते, म्हणजे साधारण सात अंश. त्याचा साचा ॲल्युमिनियमच्या पट्टीचा आहे आणि रेघ मारायची सुरी तुटलेल्या हॅकसॉच्या पात्याची. दोन्ही घरी केली, हत्याराच्या दुकानात जायची गरज पडली नाही.

आता मुद्द्याचं. या भावात आठ-दहा देशी करवती येतील, तर मग घ्यायची कशाला? बाजारातल्या बऱ्याच स्वस्त करवतींच्या दात्यांची टोकं निळसर काळी दिसतात. ती वरवर कडक केलेली असतात, त्यांच्यावर कानस नुसती घसरते. बोथट झाली की करवत भंगारात. सागात मुळातच सिलिका असते, त्यामुळे धार भराभर जाते. व्हेरिटासचे दाते मात्र घासता येतात. मी पैसे मोजले ते याचे.

घासायला फार सरंजाम लागत नाही. आंब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये पान धरून शेगड्यात, म्हणजे बाकाच्या पकडीत (व्हाइसमध्ये), आवळायचं, दाते जेमतेम वर ठेवायचे. आधी चपटी कानस दात्यांच्या माथ्यावरून हलकेच फिरवायची, म्हणजे उंच-सखल दाते एका पातळीत येतात आणि प्रत्येकाच्या टोकावर बारीक चमक दिसते. मग त्रिकोणी कानस, चार इंची, मिळेल तितकी सडपातळ. पानाला काटकोनात धरून एकेका खाचेत पुढे ढकलायची, परत आणताना उचलायची. टोकावरची चमक गेली की तो दाता झाला, पुढे जा. कानशीला खडू चोळून घेतला की लोखंडाचा कीस तिच्यात अडकत नाही. घाई केली की एक दाता मोठा, एक छोटा होतो, आणि पुढच्या कापात तो धक्का हाताला लागतो. भिंग घ्या, चाळिशी झालेली असो वा नसो!

करवत एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचे दाते जास्त बाहेर झुकलेले असतात. पान आडवं ठेवून त्या अंगाला बारीक तेलाचा दगड एकदाच, हलकेच फिरवायचा. मग कापून बघायचं. सरळ आली तर दगड बाजूला ठेवायचा, कारण जादा घासलं की काप अरुंद होतो आणि पान अडकतं. बऱ्याच वेळा घासून झाल्यावर दाते पुन्हा डावे-उजवे वाकवावे लागतात, त्याची पक्कड वेगळी मिळते.

इथला पावसाळा लोखंडाचा वैरी. शिलाई मशीनचं तेल चिंधीवर घेऊन पानाला पुसते, आणि कामाला घेण्याआधी ते कोरड्या फडक्याने काढते, नाहीतर तेल सांध्यात उतरून सरस धरत नाही. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. माझी खुंटीवर टांगलेली असते.

पाठ असल्यामुळे काप दीड इंचाच्या आसपास थांबतो, त्यामुळे दाराच्या चौकटीची कुसं, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, हिने काढायचा विचार सोडा. इंचाला २० दाते असलेली बारीक करवतही ते विकतात. काप आणखी गुळगुळीत येतो, पण ते दाते घरी घासणं माझ्या डोळ्यांच्या आवाक्यातलं नाही. पहिलीच घेत असाल तर १४ चीच घ्या, आणि त्रिकोणी कानस त्याच दिवशी आणून ठेवा.